जुनी गाडी आणि वर्कशॉपमधली सकाळ : या चुका टाळा

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये क्लबच्या सात-आठ जुन्या गाड्या जमतात, बोनेट उघडली जातात आणि ज्याच्या त्याच्या हातात पाना येतो. येताना चालत आलेली गाडी जाताना दोराने ओढून न्यावी लागते, तेव्हा बहुधा दोष कोणता हे ठरण्याआधीच एका वेळी तीन ठिकाणी हात घातलेला असतो.

पहिला बळी कार्बोरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाचा, जातो. पन्हाळ्याच्या चढावर गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे मध्येच धक्के खाऊ लागली, की ‘पेट्रोल कमी पडते’ असे ठरवून कार्बोरेटर उतरवला जातो आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीत, तार घातली जाते. जेटचे पितळी छिद्र ठरावीक मापाचे असते. तारेने ते मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते, म्हणून जेट केवळ हवेच्या दाबाने साफ करावा. त्याहीआधी ‘डेल्को’, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर, उघडून पाहावा. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत त्याच्या टोपणाच्या आत ओल धरते आणि बारीक तडा असेल तर ठिणगी तिथूनच पळते. कोरड्या फडक्याने टोपण पुसल्यावर ठणठणीत झालेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत आणि एकदा त्याआधी अर्धा तास कार्बोरेटर खोलत बसण्याचा मूर्खपणाही केला आहे.

पॉइंटच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांच्या, बाबतीत चूक क्रमाची होते. फटीचे माप, जे अनेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे, पॉइंटची टाच ते उघडणाऱ्या कॅमच्या नेमक्या उंचवट्यावर असतानाच फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्टीने, पाहायचे असते. फट वाढवली की पॉइंट आधी उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. त्यामुळे आधी टायमिंग लावून मग फट ‘जरा नीट’ करणाऱ्याने आपलेच काम मोडलेले असते. आधी फट, नंतर टायमिंग. पॉइंट वारंवार जळत असतील तर ते घासत बसण्याऐवजी त्यांना जोडलेला कंडेन्सर बदलून पाहावा; मात्र त्याच बैठकीत कॉइल आणि प्लगही बदलले, तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

प्लगच्या चारही वायरी एकदम काढू नयेत. अॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्हींचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-४-२ असला, तरी टोपणावरच्या पहिल्या वायरीची जागा आणि टोपणाखालचा रोटर फिरण्याची दिशा ध्यानात न ठेवता जोडणी केली की इंजिन सायलेन्सरमधून फटाके वाजवते. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून आकडा लिहायला दोन मिनिटे पुरतात.

या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या की पान्यांचाही घोळ होतो. अॅम्बेसिडरचा वंश ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचा, म्हणून तिचे नट-बोल्ट मुख्यतः इंचाच्या मापाचे. पद्मिनीचा वंश इटालियन फियाटचा, म्हणून तिचे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथे १३ चा पाना ‘बसतो’, पण घट्ट नटावर जोर लावताच नटाचे कोने गोल होतात. दोन संच दोन वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत.

ब्रेकच्या बाबतीत चूक महागात पडते, म्हणून तिथे घाई अजिबात नको. ब्रेकच्या टाकीत तेल कमी दिसले म्हणून हाताशी असलेले इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल घातले की नेहमीच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले रबर फुगते, आणि मग पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचे सगळे रबर बदलावे लागते. गेल्या वर्षीचा उघडा डबाही वापरू नये, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि घाट उतरताना नेमके हेच भोवते. चाकाच्या ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये फुफ्फुसांना घातक असे अॅस्बेस्टॉस असू शकते.

गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. ब्रेकचे काम झालेल्या गाडीचे पेडल आधी जागच्या जागी दाबून कठीण लागते का ते पाहावे आणि पहिली फेरी वर्कशॉपच्या आवारातच, चालत्या माणसाच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून मारावी.