साइटवर जुनंच पान दिसतंय? कॅशच्या या चुका टाळा

हापूसच्या सीझनला एका आंबेवाल्या काकांच्या साइटवर मी पेटीचा भाव बदलला, माझ्याकडे नवा दिसला, म्हणून बिनधास्त 'झालं काका' असं कळवून जेवायला बसलो. अर्ध्या तासात फोन. "अरे, गिऱ्हाईक जुन्या भावाचा स्क्रीनशॉट पाठवतंय, काय सांगू त्याला?"

तर पहिली चूक माझीच. (कॅश म्हणजे एकदा उतरवलेल्या पानाची पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवलेली प्रत.) कंट्रोल शिफ्ट आर दाबून आपल्याला नवं पान दिसलं की काम झालं असं वाटतं, पण हा हार्ड रिफ्रेश फक्त आपल्या ब्राउझरपुरता आणि त्या एका लोडपुरता असतो, गिऱ्हाइकाच्या मोबाइलला त्याचा पत्ताच नसतो. डेव्हटूल्समधलं (ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं) 'डिसेबल कॅश' पण तसंच, डेव्हटूल्स बंद केलं की संपलं.

मग काकांच्या पानाचं नेमकं झालं काय? मी सर्व्हरवरून कॅश-कंट्रोल हेडरच, म्हणजे पान कसं आणि किती काळ साठवायचं ही पानासोबत जाणारी सूचनाच, पाठवत नव्हतो. आपण काही सांगितलं नाही म्हणजे ब्राउझर साठवणार नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण उलटं आहे, तो स्वतःच अंदाज बांधतो. लास्ट-मॉडिफाइड, म्हणजे पान शेवटचं बदललं त्या तारखेपासून जितका काळ गेला त्याच्या साधारण १० टक्के काळ पान ताजं धरायचं, असा तो ढोबळ हिशोब. भावाचं पान ३०० दिवस कोणी हात न लावता पडलेलं, म्हणजे पुढचे ३० दिवस ब्राउझर सर्व्हरला विचारणारच नाही! रिफ्रेश केलं तर विचारतो, पण व्हॉट्सअॅपच्या लिंकवरून आलेला माणूस रिफ्रेश कशाला करतोय.

यावर उपाय म्हणून लोक जुन्या ट्युटोरियलमधले प्राग्मा आणि एक्स्पायर्सचे मेटा टॅग, म्हणजे कॅशबद्दलच्या सूचना, पानाच्या एचटीएमएलमध्येच चिकटवतात. त्यावर विसंबू नका, सर्व्हर आणि गिऱ्हाइकाच्या मधे बसून पानाच्या प्रती साठवणारे प्रॉक्सी आणि सीडीएन तुमचं एचटीएमएल वाचत बसत नाहीत. हेडर सर्व्हरवरूनच गेला पाहिजे.

आणि हेडरमध्ये काय लिहायचं इथे सगळ्यात जास्त घोळ. 'नो-कॅश' म्हणजे साठवू नको असा अर्थ नाही!! साठव, पण वापरण्याआधी दरवेळी मला विचार, असा आहे. ब्राउझर ईटॅग, म्हणजे आपल्याकडच्या आवृत्तीची खूण, पाठवून विचारतो, पान बदललं नसेल तर सर्व्हर नुसतं ३०४ ('बदल नाही') म्हणतो, पूर्ण पान परत उतरवावं लागत नाही. साठवूच नको म्हणायचं असेल तर 'नो-स्टोअर', ते बँकेच्या खात्यासारख्या खाजगी पानांना ठीक आहे. भावाच्या पानाला नो-कॅश पुरतं, उगाच सगळीकडे नो-स्टोअर मारून साइट हळू करू नका.

सीएसएस, जेएसचं (पानाचं रूप आणि वागणं ठरवणाऱ्या फाइल) गणित वेगळं. त्यांना खुशाल वर्षाचं मॅक्स-एज, म्हणजे ताजं धरायची मुदत, द्या, ३१५३६००० सेकंद, पण फाइल बदलली की नावही बदललं पाहिजे, नाहीतर नवं एचटीएमएल आणि जुनी सीएसएस अशी खिचडी होते आणि बटणं भलतीकडेच जातात. हेच वर्षभराचं मॅक्स-एज चुकून एचटीएमएलला लागलं तर मेलात, एकदा गेलेलं परत बोलावता येत नाही.

एवढं करूनही जुनंच येत असेल तर सीडीएन पर्ज केलंय का, म्हणजे त्यातल्या जुन्या प्रती पुसल्यात का, बघा आणि जुना सर्व्हिस वर्कर (साइटने ब्राउझरमध्ये बसवलेली स्क्रिप्ट) बसलाय का तेही, तो स्वतःची वेगळी कॅश सांभाळतो. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांनो, सेटिंगमधल्या लोकेशन ब्लॉकमध्ये (ठरावीक पत्त्यांसाठीचा भाग) एक जरी अ‍ॅड-हेडर लिहिलात तरी वरच्या ब्लॉकमधले अ‍ॅड-हेडर त्या लोकेशनला लागत नाहीत, मी यात अख्खी दुपार घालवलीये. हेडर खरंच जातोय का ते डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये बघून मगच क्लायंटला फोन करा.

काकांच्या सर्व्हरवर नो-कॅश लावला, पण ज्यांच्या मोबाइलमध्ये जुनं पान आधीच बसलेलं त्यांच्यापर्यंत तो पोचणार कसा? शेवटी त्याच लिंकच्या मागे प्रश्नचिन्ह लावून व्ही इक्वल टू दोन जोडलं, म्हणजे ब्राउझरच्या लेखी पत्ताच नवा, आणि काकांनी ती सगळ्या ग्रुपवर फिरवली. त्या स्क्रीनशॉटवाल्याला मात्र पेटी जुन्या भावातच द्यावी लागली.