बालगृहासाठी प्रशिक्षक निवडताना

बालगृहातील कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षक नेमताना पदव्यांपेक्षा त्यांनी गृहभेटी, समुपदेशन आणि बालकल्याण समितीपुढील (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्हा समितीपुढील) कामात किती वर्षे काढली, हे आधी विचारावे. प्रशिक्षणापूर्वी त्यांना एक दिवस संस्थेत घालवू द्यावा. रात्रपाळीच्या काळजीवाहकांशी न बोलता आखलेला कार्यक्रम बहुधा कागदावरच राहतो. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार असे मूल सापडल्यावर त्याला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत समितीपुढे हजर करावे लागते, हे केवळ वाचून दाखवण्याऐवजी रात्री अकराला दारात आलेल्या, नावही न सांगणाऱ्या मुलीशी पहिले वाक्य कोणते बोलावे, याचा सराव घेणारा प्रशिक्षक निवडावा. मुलांची ओळख उदाहरणादाखलही उघड होणार नाही, असे लेखी घ्यावे. तीन महिन्यांनी त्यांच्याकडून वैयक्तिक काळजी योजनांच्या (प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आखलेल्या योजनांच्या) नोंदी तपासून घ्याव्यात.