मोती आणि चांदीचे मणी एकाच सरात ओवताना

६ मिलिमीटरचे मोती, मधूनमधून गार्नेट (गडद लाल खडा) आणि चांदीचे मणी, अशा १६ इंची सराला ५७-५८ मणी लागतात. रेशमी दोरा २ मीटर घ्या, दुहेरी करा आणि रात्रभर थोडं वजन बांधून टांगून ठेवा. तसाच ओवला तर महिन्याभरात तो ताणतो आणि गाठींमध्ये फटी दिसू लागतात.

प्रत्येक मण्यानंतर गाठ हवीच. मोती मऊ असतो, गार्नेट त्याच्यापेक्षा खूप कठीण. दोन्ही एकमेकांवर घासले की मोत्याची झिलई जाते. गाठ सुईच्या टोकावर धरून मण्यापर्यंत सरकवा आणि मगच आवळा, नाहीतर ती मध्येच बसते. भोक मोठं असेल तर गाठ दुहेरी मारा.

दोरा तुटतो तो बहुतेक वेळा चांदीच्या मण्यापाशी, कारण त्याच्या भोकाची कड धारदार राहिलेली असते. ओवण्याआधी ती बारीक गोल कानशीने घासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण सगळ्या सराचं आयुष्य त्यावर आहे.

सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या उन्हाळ्यात हा सर पत्र्याखालच्या तापलेल्या कपाटात ठेवू नका. मोत्यातला ओलावा उडून तडे जातात. हवाबंद पिशवीपेक्षा मऊ सुती कापड बरं. चांदी काळी पडली तरी अख्खा सर चांदी उजळण्याच्या द्रावणात कधीच बुडवू नका. त्यातलं आम्ल मोत्याचा थर खातं. फक्त चांदीचे मणी कोरड्या कापडाने पुसा.