"बरंय माझं" याच्या आत काय आहे? घरातल्या आजारी-वयस्क माणसाचं जगणं मोजण्याच्या पद्धती

पक्षाघातातून सावरणारे आजोबा, गुडघे गेलेली आजी, डायलिसिसवर असलेला भाऊ. दिवसभराची बाई ठेवायची का, गावाकडून शहरात आणायचं का, फिजिओथेरपी चालू ठेवायची का, असे निर्णय यांच्या बाबतीत सारखे घ्यावे लागतात. अशा वेळी घरात जो मोठ्यानं बोलतो त्याचं मत टिकतं. ज्याचं जगणं आहे तो मात्र "बरंय माझं" म्हणून गप्प बसतो. यातून बाहेर पडायला पक्क्या, तपासून पाहिलेल्या पद्धती आहेत. वही, पेन आणि दोन निवांत दुपारी एवढ्यावर भागतं.

आधी वहीची दोन पानं वेगळी करा. एका पानावर माणूस रोजच्या जगण्यात काय काय करतो, ते. दुसऱ्यावर त्याला स्वतःला आपलं जगणं कसं वाटतं, ते. हे दोन आकडे कधीही एकत्र करू नका. बिछान्यातून स्वतः उठता न येणारा माणूस समाधानी असू शकतो आणि सगळं स्वतः करणारा माणूस आतून खचलेला असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही जगण्याची गुणवत्ता म्हणजे माणसाची स्वतःच्या जगण्याबद्दलची धारणा, आणि तीही त्याची संस्कृती, मूल्यं, अपेक्षा आणि काळज्या यांच्या संदर्भात. म्हणून दुसरं पान नेहमी त्याच्याच तोंडून भरायचं.

पहिलं पान: बार्थेल निर्देशांक

1965 साली प्रसिद्ध झालेली ही मोजणी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी आजही सर्रास वापरतात. दहा बाबी, एकूण 100 गुण. जेवण 10, आंघोळ 5, दाढी-वेणी-दात 5, कपडे 10, शौचावर ताबा 10, लघवीवर ताबा 10, संडास वापरणं 10, पलंगावरून खुर्चीत जाणं 15, चालणं 15, जिना 10. गुण पाच-पाचच्या टप्प्यांनीच द्यायचे. पलंगावरून खुर्चीत स्वतः गेला तर 15, थोडा हात दिला किंवा नुसतं जवळ उभं राहावं लागलं तर 10, बसता येतं पण एकदोघांनी उचलावं लागतं तर 5, बसल्यावर तोलच सांभाळता येत नसेल तर 0.

सगळ्यात जास्त चूक होते ती "करू शकतो" आणि "करतो" यात. आजोबांना डाव्या हातानं भात खाता येतो, पण अर्धा तास लागतो म्हणून सूनबाई भरवतात. मग गुण भरवण्याचेच द्यायचे. गेल्या दोन दिवसांत प्रत्यक्ष काय घडलं तेवढंच लिहा. शेजारी छोटी नोंद करा: "जमतं, पण वेळ नाही म्हणून भरवतो." फिजिओथेरपिस्टला ही नोंद आकड्याहून जास्त उपयोगी पडते, कारण इथे अडचण हाताची नसून वेळेची आहे.

चालण्याचे पूर्ण गुण सुमारे 45 मीटर कुणाच्या हाताशिवाय चालल्यावर मिळतात. काठी चालते. दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चालवून 15 देणं चूक, कारण लहान फ्लॅटमध्ये ते अंतर पाच-सहा मीटरच भरतं. इमारतीच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मोजा. संडासाच्या गुणाशेजारी कमोड की खाली बसायचा, हे लिहाच. कमोडवर 10 मिळवणारी आजी गावच्या घरी उकिडवी बसू शकत नाही आणि तिथे तिचा गुण शून्यावर येतो. गणपतीला गावी न्यायचं का, हा प्रश्न बऱ्याचदा इथेच सुटतो.

100 पैकी 100 म्हणजे एकट्यानं राहता येईल, असं नाही. ही पद्धत बनवणाऱ्यांनीच तसं बजावलं होतं. स्वयंपाक, घरकाम, बाहेरच्या माणसांशी व्यवहार यातलं काही यात नाही. त्यासाठी 1969 ची लॉटन पद्धत आहे: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं, पैशांचे व्यवहार. मूळ मोजणीत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणं सोडून द्यायची पद्धत होती. ती सोडून द्या आणि आठही बाबी सगळ्यांना विचारा. पत्नी गेल्यानंतर एकटे राहणारे कितीतरी आजोबा याच तीन गोष्टींवर अडतात.

दुसरं पान: त्यांनाच विचारा

जागतिक आरोग्य संघटनेच्या छोट्या प्रश्नावलीत 26 प्रश्न आहेत. दोन एकंदर जगण्याबद्दल आणि तब्येतीबद्दल, बाकीचे चार गटांत: शरीर 7, मन 6, नातीगोती 3, परिसर 8. परिसरात घर, पैसा, दवाखाना, प्रवासाची सोय असं सगळं येतं. प्रत्येक उत्तर 1 ते 5. प्रश्नांची भाषा छापील असेल तशीच ठेवा. संशोधनासाठी वापरायची असेल तर रीतसर परवानगी लागते.

प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. वयस्क माणसाला तारीख सांगून उपयोग नसतो. एकादशीच्या दिवशी बसा आणि विचारा, "मागच्या एकादशीपासून आजपर्यंत झोप कशी लागली?" साधारण पंधरवडा आपोआप धरला जातो.

आता हिशेब. तिसरा प्रश्न (वेदनांमुळे अडतं का), चौथा (औषधोपचारांची गरज किती लागते) आणि सव्विसावा (उदास, बेचैन किती वेळा वाटतं) हे उलटे आहेत, म्हणजे इथे मोठा आकडा वाईट. त्यांचं उत्तर 6 मधून वजा करायचं. समजा शरीर गटातली सात उत्तरं अशी आली: वेदना 4, औषधं 4, उत्साह 3, हिंडणंफिरणं 2, झोप 4, रोजची कामं 2, कामाची ताकद 2. पहिली दोन उलटवली की 2 आणि 2 होतात. बेरीज 17, भागिले 7 म्हणजे 2.43. गुणिले 4 म्हणजे 9.71. त्यातून 4 वजा करून 100 नं गुणा आणि 16 नं भागा: 100 पैकी सुमारे 36. उलटवायला विसरलात तर बेरीज 21 होते आणि उत्तर थेट 50 येतं. वेदना जितक्या जास्त तितका आकडा चांगला दिसायला लागतो, म्हणून ही चूक घातक आहे.

एकविसावा प्रश्न लैंगिक आयुष्याबद्दल आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा कोराच राहतो, आणि तसा राहू द्यावा. मध्येच 3 भरून टाकू नका. नात्यांच्या गटात तीनच प्रश्न आहेत, त्यातला एक कोरा असेल तर उरलेल्या दोघांची सरासरी चालते. दोन कोरे असतील तर त्या गटाचा आकडा काढू नका.

वेळ कमी असेल तर युरोक्वोल या संशोधक गटाची पाच बाबींची प्रश्नावली घ्या: हिंडणंफिरणं, स्वतःची निगा, नेहमीची कामं, वेदना, चिंता-उदासी. ही फक्त आजच्या दिवसाबद्दल असते. पाच पातळ्यांच्या आवृत्तीत प्रत्येक बाबीला 1 (काही अडचण नाही) ते 5 (सगळ्यात जास्त अडचण) असा अंक मिळतो आणि उत्तर 32341 असं येतं. ते पाच वेगवेगळे अंक आहेत, त्यांची बेरीज करू नका.

वीस चिंचोके

वरच्या सगळ्या पद्धतींत एक उणीव आहे: काय महत्त्वाचं हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. डब्लिनमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत माणूस स्वतःच आपल्या जगण्यातल्या पाच गोष्टी सांगतो, प्रत्येक आता कशी चालली आहे ते 0 ते 100 मध्ये दाखवतो आणि कुणाचं वजन किती ते ठरवतो. मूळ साधनात वजनासाठी फिरवायच्या रंगीत चकत्या आहेत. घरी वीस चिंचोके घ्या आणि पाच वाट्यांत वाटायला सांगा.

समजा आजीनं असं सांगितलं: नातवंडं 6 चिंचोके, स्थिती 80. चालणं 5, स्थिती 20. देवपूजा 4, स्थिती 70. स्वयंपाकघर 3, स्थिती 10. शेजारणी 2, स्थिती 60. प्रत्येक गुणाकाराची बेरीज 1010, भागिले 20 म्हणजे 50.5. चालणं सुधारलं तर सगळ्यात जास्त फरक पडेल हे उघड आहे, पण ते महिनोन्महिन्यांचं काम. स्वयंपाकघराचं तसं नाही. ओट्याशी योग्य उंचीची, हात असलेली खुर्ची ठेवली आणि भाजी निवडायचं, चिरायचं काम आजीकडे परत गेलं, स्थिती 10 वरून 50 वर आली, तर एकूण आकडा 56.5 होतो. खर्च एका खुर्चीचा. घरातल्यांनी मात्र "आता कशाला राबता, बसा निवांत" म्हणत तिला तिथून हलवलेलं असतं.

ज्यांना हेही जड जातं त्यांच्यासाठी कँट्रिलची शिडी: सगळ्यात खाली 0 म्हणजे सगळ्यात वाईट जगणं, वर 10 म्हणजे सगळ्यात चांगलं, आज कुठल्या पायरीवर? कागदावर मोठी शिडी काढा आणि बोट ठेवू द्या. तोंडी विचारलं तर बरेच जण पाच सांगून मोकळे होतात.

विचारायचं कुणी आणि कधी

ज्याच्यावर त्यांची सेवा अवलंबून आहे त्यानं विचारू नये, आणि खोलीतही बसू नये. सून समोर असताना "सगळे खूप करतात माझं" याखेरीज दुसरं उत्तर येणं अवघड. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलंय ना, ते आधी बघा. डायलिसिसच्या दिवशी किंवा जागरणानंतर बसू नका.

त्यांच्या वतीनं घरच्यांनी उत्तरं दिली तर शरीराबद्दलची बरीचशी जुळतात, मनाबद्दलची चुकतात, आणि बहुतेक वेळा वास्तवाहून वाईट येतात. स्मृतिभ्रंश सुरुवातीचा किंवा मध्यम असेल तरी आधी त्यांनाच विचारा. घरच्यांचं मत हवंच असेल तर वेगळ्या शाईनं शेजारी लिहा. उत्तरांत जगण्याची इच्छाच उरली नाही असं काही आलं, तर मोजणी तिथेच थांबवा, माणसाजवळ बसा, डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दर तीन महिन्यांनी तीच पद्धत, तीच वेळ, शक्यतो तोच विचारणारा. एक अडचण हमखास येते: शरीर तसंच, पण आकडा वर जातो. माणसानं मनातली मोजपट्टीच बदललेली असते. म्हणून दुसऱ्या खेपेला आजचा आकडा घेतल्यावर विचारा, "तीन महिन्यांपूर्वी कसं होतं, ते आता आठवून सांगा." तेव्हा 50 म्हणालेली आजी आता त्याच दिवसांना 35 म्हणाली, तर तो 35 ही तारखेसह लिहा. जुना 50 खोडू नका.