मेट इंदवलीला जायचं तर असं जा

साताऱ्याहून पहाटेच निघा. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्या आणि पहिलीच लाँच धरा. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पाण्यातून जायला दीडेक तास लागतो, शिवाय संध्याकाळच्या आत परतावंच लागतं. रात्री मुक्कामाला बंदी आहे. पावसाळ्यात तर जाऊच नका.

मेट म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याची चौकी. वासोटा किल्ल्याची राखण करणारं हे गाव. कोयना धरणाचं पाणी चढलं, पुढे १९८५मध्ये अभयारण्य झालं, माणसं उठली. बहुतेक जण इथून थेट गडाची वाट धरतात. तुम्ही तसं करू नका, अर्धा तास थांबा. रान वाढलेलं असतं, तेव्हा वर नाही, पायाशी बघा. सरळ रेषेत दगड दिसले की ते जोतं समजा. मला एका जोत्याजवळ पाटा सापडला, मधोमध झिजून खोलगट झालेला. मी हात फिरवला आणि तिथेच ठेवला. तुम्हीही काही उचलू नका, ते कुणाचं तरी घर आहे.

मग गड चढा. १८१८मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या त्या शेजारच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावरून. बाबूकड्यावर उभं राहिलात की तो समोरच दिसतो.