अ‍ॅवोकाडोच्या बीपासून रोप करताय? खान्देशात या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून कोणी अ‍ॅवोकाडो आणलं की बी फेकवत नाही, लगेच टूथपिक टोचून ग्लासात बसवतात, आणि काही महिन्यांनी मला फोटो येतो, "ताई, पानं करपली, कोणतं खत टाकू?" खत नाही टाकायचं. बी उगवणं सोपं आहे, आपल्याकडे रोप मरतं ते पाण्यानं आणि उन्हानं, आणि तेच कोणी विचारत नाही.

आधी बारीकसारीक. गिलक्या-भोपळ्याच्या बिया वाळवून ठेवायची आपल्याला सवय, पण ही बी वाळली की मेली. गर धुवून दोन-चार दिवसांत लावा. चपटं बूड खाली, निमुळतं टोक वर. ग्लासातलं पाणी गढूळ व्हायच्या आत बदला. मी स्वतः ग्लासाच्या भानगडीत पडतच नाही, बी सरळ कुंडीत अर्धी पुरते, मुळं मातीतच वाढली की नंतर हलवायची कटकट नाही.

दुसरं म्हणजे घाई. कोंब यायला दोन आठवडे लागतात तसे दोन महिनेही लागतात, आणि लोक तिसऱ्या आठवड्यात उकरून बघतात, बी मधून चिरलेली दिसली की सडली म्हणून फेकतात. अहो ती चिरणारच, त्याच भेगेतून खाली मूळ आणि वर कोंब येतो! सडलेली बी दाबली की मऊ लागते आणि घाण वास येतो, तेवढंच बघायचं. रील बघून गरम पाण्यात भिजवणं, चाकूनं बूड कापणं असले शॉर्टकट तर मला अजिबात पटत नाहीत.

आता पाण्याचं. माझा मावसभाऊ यावलकडचा, केळीवाला, पाणी द्यायला हात सढळ. गुडघ्याएवढं झालेलं छान रोप त्यानं केळीच्या कडेला काळ्या मातीत लावलं आणि ड्रिपची नळी तिथपर्यंत ओढली. उन्हाळा नव्हता, जुलै होता. झड लागली आणि पानं माना टाकायला लागली, त्याला वाटलं रोप तहानलंय, म्हणून वरून अजून पाणी, मग युरिया, मी पोचले तोवर खोड नुसतं उभं होतं. उपटलं तर मुळं काळी, हाताला लागताच तुटणारी. चांगली मुळं पांढरट असतात. अ‍ॅवोकाडोची मुळं वरवर पसरतात आणि त्यांना हवा लागते, काळी माती भिजली की फुगून हवा कोंडते, आणि मग फायटोप्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग लागतो, लिंबू-संत्र्यावर डिंक्या आणतो त्याच जातकुळीतला. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून भिजलेल्या मातीतलं रोपही तहानलेलंच दिसतं. पानं लोंबली की झारी उचलायच्या आधी मातीत बोट घाला. दोन पेरं आत ओल लागली तर पाणी बंद.

मी कुंडीत काळी माती घालतच नाही. पोयट्याची माती, जाडी रेती, जुनं शेणखत, आणि कुंडीला खाली भोकं मोठी. जमिनीतच लावायचं असेल तर उंचवटा करून वर लावा, केळीची वाळकी पानं आच्छादनाला टाका, फक्त खोडाला चिकटवू नका.

ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात आखाजीला कुंडी गच्चीवर ठेवली तर कोवळं रोप टिकणार कसं? सकाळचं ऊन दोन-तीन तास, मग सावली नाहीतर ग्रीन नेट. खिडकीतलं रोप एकदम बाहेर काढू नका, रोज थोडं थोडं वाढवा. बी लावायचीच तर पोळ्यानंतर लावा, २०-२५ अंशांच्या आसपास ती बरी उगवते.

पानाचं टोक तपकिरी होऊन कडेनं करपत आलं तर ते बहुतेकदा क्षार. बोअरचं पाणी, आणि त्याहून वाईट म्हणजे आरओच्या नळीतून निघणारं टाकाऊ पाणी, वाया जाऊ नये म्हणून नेमकं तेच कुंडीत ओततात. त्यानं फरशी पुसा. रोपाला पावसाचं साठवलेलं नाहीतर नळाचं द्या, आणि अधूनमधून खालून वाहेपर्यंत भरपूर देऊन क्षार धुऊन काढा.

वीतभर वाढलं की शेंडा खुडा, नाहीतर काठीसारखं सरळ जातं.

फळाचं विचाराल तर बीच्या झाडाला पाच वर्षांपासून दहा-बारा वर्षांपर्यंत कितीही लागू शकतात आणि फळ आईसारखंच येईल याची खात्री नाही. आज दुकानात मिळणारी हास जात १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात अशाच एका बीच्या रोपातून निघाली, १९३५ ला तिचं पेटंट झालं, पण तसं नशीब धरून कोणी बसू नये. फळ हवं असेल तर कलम आणा, त्याला तीन-चार वर्षांत येतं. घरचं रोपही वाया जात नाही, खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर चांगल्या जातीची काडी बांधता येते.