उंचावरच्या सरोवराचा जलताळेबंद: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

या कामात नवीन आलेले बहुतेक जण पहिल्यांदा मॉडेल कुठलं वापरायचं ते विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: महिन्यागणिक चालणारी साधी स्प्रेडशीट. जमेला पाऊस-बर्फ, ओढे-नद्या आणि झिरपून येणारं भूजल. खर्चाला बाष्पीभवन, बाहेर जाणारी नदी आणि तळातून निसटणारं पाणी. वजाबाकी साठ्यातल्या बदलाशी जुळली पाहिजे. एवढंच.

मी खर्चाकडून सुरुवात करतो, कारण अशा बऱ्याच सरोवरांत सगळा खेळ बाष्पीभवनाचा असतो. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर सुमारे 3,810 मीटर उंचीवर असलेल्या टिटिकाका सरोवरातून देसाग्वादेरो नदी बाहेर पडते खरी, पण जवळपास 90 टक्के पाणी वाफ होऊन जातं. म्हणजे बाष्पीभवन दहा टक्क्यांनी चुकलं, तर ती चूक जवळजवळ अख्ख्या नदीएवढी! लडाखच्या पँगाँगला तर बाहेर पडायला नदीच नाही.

4,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के असतो. बाष्पीभवन काढायच्या पेनमनच्या सूत्रातला सायक्रोमेट्रिक स्थिरांक (हवेतली उष्णता आणि बाष्प यांची सांगड घालणारा आकडा) दाबाबरोबर उतरतो: 0.067 ऐवजी 0.041 किलोपास्कल प्रति अंश सेल्सिअसच्या आसपास. तयार कोड उचलताना या स्थिरांकाची ओळ आधी शोधा. शिवाय खोल पाणी उन्हाळ्याची उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे बाष्पीभवनाचा जोर शरदाकडे सरकतो. काठावरच्या उथळ बाष्पीभवनपात्रात (किती पाणी उडालं ते मोजायच्या भांड्यात) हे दिसत नाही. वर्षाचा हिशोब जुळतो पण महिने जुळत नाहीत, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी उष्णतेच्या साठ्याबद्दल विचारतो.

बर्फाचे आकडे कायम कमीच समजा. जोराच्या वाऱ्यात पर्जन्यमापकातून निम्म्याहून जास्त बर्फ निसटू शकतो. ईआरए5 सारख्या जागतिक हवामान-माहितीसंचाची चौकट सुमारे 31 किलोमीटरची, तिच्यात शिखर आणि दरी एकत्र मिसळतात.

उरलेला फरक भूजलाच्या नावावर टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्या फरकात बाकीच्या सगळ्या रकान्यांच्या चुकाही बसलेल्या असतात. म्हणून दुसरा, स्वतंत्र हिशोब मांडा: क्षारांचा. वाफ क्षार मागे ठेवते, झिरपणारं पाणी ते सोबत नेतं. बाहेर नदी नसूनही सरोवर गोडं राहिलं असेल, तर तळातून पाणी जात असण्याची शक्यता दाट. क्षारांपैकी क्लोराइडचं मोजमाप स्वस्तात होतं. ओढ्यांचं आणि सरोवराचं, दोन्हीकडचं पाणी बाटलीत भरून आणा.